शंट नसला, तरी सावधगिरी हवी

‘शंट बसवावा लागला नाही, म्हणजे आजार समूळ गेला ना?’ मेंदूतील पाण्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आश्वासक आहे. मात्र त्याला एक पुस्ती जोडावी लागते.

मेंदूच्या पोकळ्यांत दररोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. तिसऱ्या व चौथ्या पोकळीमधला मार्ग अरुंद झाला, की द्रव मागे तुंबतो आणि दाब वाढतो. शंट ही नळी तो द्रव बहुधा पोटात नेऊन सोडते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नळी न घालता तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला वाट करून देतात. बोस्टनमध्ये विल्यम मिक्स्टर यांनी १९२३ साली मूत्रमार्गाच्या दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया प्रथम केली. वार्धक्यातील, दाब फारसा न वाढवणाऱ्या हायड्रोसेफॅलसमध्ये मात्र बहुधा शंटच उपयोगी पडतो. म्हणून शंट असलेल्यांनी मन खट्टू करू नये.

नळी नसल्याने ती तुंबण्याची भीती राहत नाही. परंतु छिद्र बुजू शकते; बहुधा पहिल्या काही महिन्यांत, क्वचित कित्येक वर्षांनीही. शंट कानामागे त्वचेखाली हाताला लागतो. हे छिद्र कुणालाच दिसत नाही. नव्या डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय कळणार कसे? म्हणून ‘एंडोस्कोपिक थर्ड व्हेंट्रिक्युलॉस्टॉमी’ हे शस्त्रक्रियेचे नाव, तारीख व रुग्णालय लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटात असावी. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही पोकळ्या मोठ्याच दिसू शकतात. त्यामुळे प्रकृती उत्तम असतानाचा स्कॅन तुलनेसाठी जपून ठेवावा.

चाल अडखळणे, विसरभोळेपणा, लघवीवरील ताबा सुटणे, दृष्टी धूसर होणे ही लक्षणे नव्याने दिसली, तर ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नयेत; शल्यचिकित्सकांना लवकर दाखवावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या किंवा अनावर गुंगी असल्यास मात्र सकाळची वाट पाहू नये. वेदनाशामक वा झोपेची गोळी देऊन वेळ न दवडता, मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय त्वरित गाठावे. विलंब जिवावर बेतू शकतो.

एरवी शल्यचिकित्सकांच्या संमतीने फिरणे, प्रवास, घरकाम खुशाल करावे. भीती बाळगण्याचे कारण नाही. घरातील प्रत्येकाला ही लक्षणे ठाऊक असली, म्हणजे पुरे.