भाकीत चुकले, बरे झाले!

वाचकहो, जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये मी तीन भाकिते केली आणि तिन्ही चुकली. त्यापायी भाच्याला तीन वेळा मिसळ खाऊ घालावी लागली. जमाखर्च लिहिणे हा माझा रोजचा धंदा, तेव्हा ही बुडीत रक्कमही इथे मांडतो.

भाचा कॉल सेंटरात रात्रपाळीला असतो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलता बोलता त्याला तिकडच्या फुटबॉलचा नाद लागला. हा फुटबॉल आपल्या कूपरेज मैदानावरचा नव्हे. दोन टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा तो लांब फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचे. चेंडू कुणाकडे जाणार ते ठरवणारा क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. ३२ संघांपैकी १४ बाद फेरीत येतात. तिथे एकदा हरला की घरी. शेवटचा सामना सुपर बाउल, तो आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसतो.

"मामा, डेट्रॉइट की वॉशिंग्टन?" भाच्याने विचारले. मी आकडे पाहिले. डेट्रॉइटने १७ पैकी १५ सामने जिंकलेले. वॉशिंग्टनवाले आदल्या मोसमात १७ पैकी अवघे ४ जिंकलेले. मी डेट्रॉइट म्हणालो. वॉशिंग्टन ४५-३१ ने जिंकले! पुढच्या वेळी शहाणा होऊन वॉशिंग्टन म्हणालो, तर फिलाडेल्फियाने त्यांना ५५-२३ असे धुतले. शेवटी लागोपाठ दोन वर्षे जिंकलेल्या कॅन्सस सिटीवर बोट ठेवले. फिलाडेल्फिया ४०-२२!

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही एक्झिट पोलवाल्यांत नोकरी धरा." खोटे काय बोलला? २०२४ साली टीव्हीवर सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा वाटून झाल्या होत्या. ४ जूनला पेट्या उघडल्या तेव्हा २९३ निघाल्या. २००४ साली तर सरकार परत येणार म्हणून सांगितले आणि सरकारच गेले. चुकल्याबद्दल कुणी मिसळ दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

अमेरिकेत तर फुटबॉलवरून निवडणुकीचे भाकीत करायचे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी वॉशिंग्टनचा संघ घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला, तर सत्तेतला पक्ष टिकतो आणि हरला तर जातो. १९४० पासून २००० पर्यंत हे गणित जुळत आले. वर्तमानपत्रांना छापायला खमंग खाद्य मिळाले. २००४ मध्ये संघ हरला, तरी बुश जिंकले. २०१२ मध्ये हरला, तरी ओबामा जिंकले. २०१६ आणि २०२४ मध्ये संघ जिंकला आणि सत्तेतला पक्ष पडला. आपल्याकडच्या पोपटवाल्याचेही काही दिवस चांगले जातातच की!

पण वाचकहो, या संघाची खरी गोष्ट वेगळीच आहे. त्याचे नाव होते 'रेडस्किन्स', म्हणजे लाल कातडीवाले. तिथल्या मूळ रहिवाशांना हिणवायचा हा शब्द. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल. बाकी सगळ्या संघांनी काळे खेळाडू घेतले, याने घेतले नाहीत. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये शर्ली पोविच नावाचे क्रीडा पत्रकार होते. दुसऱ्या संघाच्या काळ्या खेळाडूने वॉशिंग्टनवर गुण चढवला की ते मार्शलला लेखणीचा चिमटा काढत. ज्या शहरात खायचे त्याच शहरातल्या बड्या मालकाविरुद्ध वर्षानुवर्षे लिहायचे, याला पत्रकारिता म्हणतात.

१९६१ मध्ये संघाला नवे मैदान मिळाले, ते सरकारी जमिनीवर. केनेडींच्या सरकारात जमिनींचे खाते सांभाळणारे मंत्री स्ट्युअर्ट युडाल यांनी मार्शलला बजावले, भेदभाव सोड, नाहीतर मैदान मिळणार नाही. त्या मोसमात १४ पैकी एकच सामना जिंकलेला मालक नमला. १९६२ मध्ये बॉबी मिचेल आणि आणखी काळे खेळाडू संघात आले.

तरी क्वार्टरबॅकची जागा गोऱ्यांचीच मानली जाई. काळा माणूस पळेल, अंगावर घेईल, पण डोके चालवायचे काम त्याला जमणार नाही, हेही एक भाकीतच होते. ते ३१ जानेवारी १९८८ ला मोडले. त्याच वॉशिंग्टन संघाकडून डग विल्यम्स सुपर बाउल खेळला. त्या जागेवर सुपर बाउल सुरू करणारा तो पहिला काळा खेळाडू. आदल्या दिवशी दाताचे मोठे काम झालेले. संघ ०-१० ने मागे. त्यात गुडघा दुखावला. परत उभा राहिला आणि दुसऱ्या डावात एकट्याने चार वेळा गुणांचा चेंडू फेकला. त्या एका डावात संघाने ३५ गुण केले. सामना ४२-१० असा जिंकला आणि सामनावीर तोच ठरला. २०२५ च्या सुपर बाउलला दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे होते आणि कुणाला त्यात नवल वाटले नाही.

नावाचा अपमान मात्र पुढेही चालू राहिला. मूळ रहिवाशांनी १९९२ पासून कागदोपत्री लढा दिला, मालक हटेना. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर मोठमोठ्या जाहिरातदार कंपन्यांनी कान पिळले, तेव्हा जुलैत नाव गेले. न्यायाने जे झाले नाही ते खतावणीने केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पत्ता सांगताना ज्यांची जीभ अडखळली आहे, त्यांना यातला आनंद वेगळा समजावून सांगायला नको.

आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले, जुने नाव परत आणा, नाहीतर नव्या मैदानाचे काम अडवीन. जागा तीच, १९६१ ची! तेव्हा एका सरकारने मैदानाचा धाक घालून दार उघडायला लावले. आता त्याच मैदानाचा धाक घालून शिवी परत आणायची. सत्ता म्हणजे सुरी. भाजी चिरायची की बोट, ते धरणाऱ्यावर.

माझ्याबद्दलही एका गुरुजींनी भाकीत केले होते. वडिलांना म्हणाले, "याला कामाला लावा, हा मॅट्रिकच्या पुढे जायचा नाही." वडील काही बोलले नाहीत. मला मात्र शाळेतून काढले नाही. पुढे दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेज करून मी बी.कॉम. झालो. गुरुजींनी मिसळ दिली नाही, पण माझा राग नाही. त्यांनी जुने आकडे पाहिले होते.

भाचा विचारतो, "मामा, पुढच्या बाद फेरीत कोण?" मी त्याला सांगितले, संघाबद्दल हवे ते विचार, मी चुकेन आणि मिसळ देईन. पण कुणाच्या पोराबद्दल हे जमेल की नाही असे विचारलेस, तर मी तोंड उघडणार नाही.