वाटेवरची वाकडी झाडे

चातुर्मास संपला, की वर्षातून एकदा सहकुटुंब रानात जावयाचे, असा आमच्या घरी परिपाठ आहे. पावसाळ्यात पायाखाली असंख्य जीव असतात, म्हणून ते चार महिने डोंगराची वाट धरावयाची नाही, ही आजोबांनी घालून दिलेली शिस्त. यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर नातवाला घेऊन भीमाशंकरला गेलो. मंदिराच्या गर्दीतून निघून गुप्त भीमाशंकराची पायवाट धरली, की माणसांचा गलबला हळूहळू मागे पडतो आणि अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा अशी झाडी दोन्ही बाजूंनी दाटून येते.

नातू दहा वर्षांचा. सरळ झाडांत त्याला काडीचा रस नव्हता. कोणाचे खोड कोपरासारखे मुडपलेले, कोणी आडवे पडून पुन्हा उभे राहिलेले, असे काही दिसले की तो थांबे आणि वहीत रेघोट्या ओढू लागे. आपण व्यापारी माणसे! आपल्या डोळ्यांना सरळ खोड आधी दिसते, कारण घनफुटांच्या हिशेबात तेच बसते. वाकड्याला गिऱ्हाईक नसते. जुन्या रानांत वाकडी झाडे जास्त का भेटतात, याचे निम्मे उत्तर तरी वखारीच्या मोजपट्टीत असावे.

उरलेले निम्मे झाडाच्या स्वभावात आहे. उताराची माती सावकाश खाली सरकते, तिच्याबरोबर रोपही कलते. पण वर कोणते आणि खाली कोणते, हे झाडाला कळते. पेशींतील पिष्टाचे सूक्ष्म कण खाली बसतात, त्यावरून त्याला दिशा उमगते आणि शेंडा पुन्हा आभाळाकडे वळतो. रुंद पानांची झाडे अशा वेळी कललेल्या खोडाच्या वरच्या अंगाला वेगळ्या धाटणीचे लाकूड घडवितात. ते दोरासारखे ताण देऊन खोडास वर ओढते. बुंध्यापाशी राहिलेला बाक मात्र जन्मभर तसाच राहतो. कड्याच्या काठावर निराळाच प्रकार. आषाढातला वारा घाटमाथ्यावर थेट कोकणातून चढून येतो. त्या बाजूचे कोंब टिकत नाहीत, आणि झाड एका अंगाला विंचरल्यासारखे दिसते.

पुढे एका नांदरुकाने आंब्याला मिठी घातलेली होती. पाखराच्या विष्ठेतून बी फांदीच्या बेचक्यात पडते, मुळे जमिनीपर्यंत उतरतात, एकमेकींना जुळतात आणि कालांतराने आतले झाड मरून जाते. उरते ती जाळीदार पोकळी. नातू तीत डोके घालून म्हणाला, “आजोबा, आतलं झाड कुठे गेलं?” मी काही बोललो नाही. काही पेढ्यांचाही इतिहास असाच असतो, पण ते त्याला आताच कशाला सांगा!

वाट दाखवावयास गावातले एक महादेव कोळी बाबा सोबत होते. वय ऐंशीच्या घरातले. एका हिरड्यापाशी नातू पुन्हा थांबला. जमिनीलगत एकच रुंद बुंधा, आणि त्यातून हाताच्या बोटांसारखी पाच खोडे वर गेलेली. मी बाबांकडे पाहिले.

“एकाचे पाच झाले,” ते म्हणाले. “मी पोरगा होतो तवा तोडलं. कोळशाला घातलं. बुडखा राहिला, त्यालाच फुटवे आले.”

“हिरडा कसा तोडलात? हिरड्याला तर कोणी हात लावीत नाही.”

“भाव होता तोवर नाय लावला. मग शेठनं घ्यायचा बंद केला. बाजारात आमच्याकडचा हिरडा घेणारा एकच शेठ होता. दुसऱ्या बाजाराला न्यायचा तर पायी दोन दिवस.”

त्यांनी बाजाराचे नाव सांगितले आणि माझे पाय जागीच थबकले. तो बाजार आमचा. तो शेठ म्हणजे माझे आजोबा.

वाचकहो, ही कथा आमच्या घरी मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. आजोबांचा हिरड्याचा व्यापार उत्तम चालला होता. बाळहिरडा औषधाला जातो, एवढेच त्यांना ठाऊक. एके वर्षी मुंबईच्या दलालाने सहज सांगितले, की मोठ्या हिरड्याची पोती कातडी कमावणाऱ्या कारखान्यांत जातात. हिरड्यातील तुरट द्रव्याने कातडे टिकाऊ होते. आजोबांनी त्याच आठवड्यात खरेदी थांबविली, घेतलेल्या मालाचे पैसे चुकते केले आणि किराण्याकडे वळले. तोटा सोसला, पण नियम मोडला नाही. पर्युषणात ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो. मीही ती नातवाला याच भाद्रपदात सांगितली होती.

त्या गोष्टीत डोंगरावरची ही माणसे कधीच नव्हती. हिरड्याचे झाड उभे राहिले ते त्याच्या फळाला पैसा येत होता म्हणून. पैसा थांबला, तेव्हा मीठमिरचीसाठी कोळसा उरला. आजोबांचा निर्णय चुकला, असे आजही मला म्हणवत नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर तेच केले असते. पण खरेदी थांबविण्यापूर्वी एकदा डोंगर चढून यावयाचे, एवढे तरी त्यांच्या मनात आले होते की नाही, हा प्रश्न त्या पाच खोडांसमोर उभे राहून प्रथमच पडला.

१९८५ साली येथे अभयारण्य झाले. या पायवाटेवरच्या एकाच बुंध्यातून निघालेल्या कितीतरी झाडांकडे मग मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. नातवाने त्या हिरड्याचे चित्र काढले. खाली काय लिहू, म्हणून त्याने विचारले. मी म्हटले, नुसते झाडाचे नाव लिही.

परतताना बाबांच्या घरी पाणी घेतले. त्यांनी आपल्या बांधावरच्या झाडाचा सुकविलेला बाळहिरडा फडक्यात बांधून दिला. मी कोणाचा नातू, हे तोवर त्यांना सांगून झाले होते. त्यावर ते नुसते हसले होते. मी पाकीट काढून भाव विचारला.

“भाव तुम्हीच सांगायचा, शेठ,” ते म्हणाले. “पहिल्यापासून तुमच्याकडूनच सांगत आलेत.”

माझ्या तोंडून आकडा निघेना.