पर्सेंटाइल कळलं, कागदांचं काय?

निकाल लागला की नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांपर्यंत एकच प्रश्न असतो : किती पडले? एमएचटी-सीईटीत ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातल्या शंभरांपैकी नव्वद जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, एखादा पेपर अवघड निघतो. तो फरक भरून काढण्यासाठी हे गणित आहे.

पण जागा नुसत्या क्रमांकावर मिळत नाही, नियमांवरही मिळते. मेडिकलचा ७०:३० प्रादेशिक कोटा आठवा. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना असत. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून आपली मुलं मागे पडत. विद्यार्थी-पालकांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हा नियम रद्द केला.

मुस्लिमांचं ५ टक्के आरक्षण २०१४ च्या अध्यादेशासोबतच संपलं. ती मागणी चालू राहील. पण बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आजही आहेत. जात प्रमाणपत्र, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर यांतला एक कागद मुदतीत आला नाही, तर हक्काची जागा हातची जाते.

म्हणून अकरावीतच अर्ज करा. आणि जे मागच्या वर्षी कॅप राउंडमधून गेले, त्यांनी एक रविवार मोहल्ल्यातल्या मुलांना द्यावा.