राहुट्यांची पेठ आणि जगाचा पडदा

एकाच धंद्यातली माणसे एका टापूत दाटीने वसली की खर्च वाटला जातो, कसब एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत येते. आल्फ्रेड मार्शल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली ही गोष्ट सूत्रबद्ध मांडली. आजच्या सरकारी भाषेत तिला क्लस्टर म्हणतात. चित्रपट आणि मालिकांचे निर्माते परदेशी बाजारात उतरतात तेव्हा त्यांच्यामागे असा टापू उभा आहे की नाही, याला चित्रपटाच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व असते. मराठी चित्रपटाचे दुखणे नेमके इथे आहे.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत करमणुकीचा धंदा मात्र याच रीतीने चालत आला आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला संगीतबारीची कला केंद्रे एकमेकांच्या जवळ उभी राहिली. केंद्राचा मालक जागा आणि रंगमंच पुरवतो, तिथे पार्ट्या येऊन राहतात, ढोलकीवाले आणि पेटीवाले त्याच परिसरात मिळतात. रसिकाला ठाऊक असते की तिथे गेले की बारी होणारच. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांना वग आणि लावण्या लिहून दिल्या. प्रत्येक फडाने स्वतःचा लेखक पोसण्याऐवजी एका लेखकाची लेखणी अनेक फडांच्या कामी आली. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या रांगेने लागतात. गावोगावचे पंच येतात, कलावंत कोण, तारीख कोणती, बिदागी किती हे विचारतात, चार राहुट्या फिरून एकीत सुपारी पक्की करतात आणि विसार देऊन जातात. फडमालकाला शंभर गावे हिंडावी लागत नाहीत. कान किंवा बर्लिनच्या चित्रपट बाजारात चालतो तो व्यवहार तत्त्वतः हाच आहे.

कारखानदारीतही या दोन तालुक्यांना हाच अनुभव आहे. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने एकत्र आले, रांजणगावला मोटारी आणि घरगुती उपकरणांचे. रांजणगावच्या फियाट कारखान्यात २०१७ पासून तयार होणारी जीप कंपास उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या मोटारी चालणाऱ्या देशांत, ऑस्ट्रेलिया आणि जपानपर्यंत, निर्यात झाली. त्यामागे पुणे परिसरातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांची जुनी फळी होती. रांजणगावला एकटाच कारखाना असता तर हे घडणे अवघड होते.

चित्रपट परदेशी विकायचा म्हणजे नेमके काय करावे लागते, हे बाहेरून दिसत नाही. संवादांचे सबटायटल करावे लागतात, आणि ते शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. गावरान बोलीतला टोमणा परक्या प्रेक्षकाला दोन सेकंदांत कळावा लागतो. कथेचे, संगीताचे, पार्श्वभूमीवर वाजलेल्या एखाद्या जुन्या गाण्याचे हक्क निर्मात्याकडे आहेत याची कागदपत्रे एकही कडी न तुटता दाखवावी लागतात. ध्वनी आणि रंगांचे अंतिम काम खरेदीदाराच्या तांत्रिक निकषांवर उतरावे लागते. विक्री प्रतिनिधी शोधायचा, त्याचे कमिशन आणि कराराची मुदत ठरवायची, कोणता महोत्सव आधी गाठायचा याचा क्रम लावायचा. एका महोत्सवात घाईने दाखवलेला चित्रपट दुसऱ्या, मोठ्या महोत्सवाला चालत नाही. एखादा मराठी निर्माता आयुष्यात दोन-तीन चित्रपट काढतो. प्रत्येक वेळी तो हे सगळे नव्याने शिकतो, नव्याने चुकतो आणि किंमत मोजतो. वीस निर्मात्यांमागे एक जाणता वकील, दोन निष्णात सबटायटलकार आणि विक्रीच्या ओळखी राखणारे एक कार्यालय असेल, तर तोच खर्च वीस जणांत वाटला जातो आणि एकाची चूक दुसऱ्याला आधीच कळते.

पुण्याजवळ अशी वस्ती एकेकाळी होती, तीही एकाच कुंपणात. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. चित्रीकरणाचे मजले, नेपथ्य, संगीत, रसायनशाळा आणि पगारी कलावंत, सारे एका आवारात होते. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला तो या व्यवस्थेच्या बळावर. कंपनी बंद पडली. त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. शिक्षण आणि जतन पुण्यात राहिले, व्यवसाय मुंबईला गेला. ही फाटाफूट मराठी चित्रपटाला आजवर महाग पडली आहे.

बाहेरची उदाहरणे लहान भाषांचीच पाहावीत. डॅनिश भाषा बोलणारे लोक साठ लाखांच्या आसपास. कोपनहेगनलगतच्या जुन्या लष्करी छावणीत झेंट्रोपा आणि इतर चित्रपट कंपन्या एकत्र आल्या आणि ‘फिल्मब्यूएन’ म्हणजे चित्रपटनगर वसले. भाषा न बदलता डॅनिश चित्रपट आणि मालिका जगभर विकल्या गेल्या. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या मिरामार उपनगरात दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्याभोवती दृश्य-परिणाम, मुखवटे आणि ध्वनीची केंद्रे उभी राहिली. मोठा चित्रपट संपल्यावरही ते कसब तिथेच राहिले, हे त्या वस्तीचे खरे यश.

मराठी दिग्दर्शकांनी कर्तबगारीत कसूर ठेवलेली नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ साली व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला, २०२० मध्ये त्यांच्याच ‘द डिसायपल’ला मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला. जयंत सोमलकर यांचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात घडणारा ‘स्थळ’ २०२३ साली टोरांटोत नेटपॅक पुरस्काराचा मानकरी ठरला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथाचित्र विभागातले सर्वोच्च पारितोषिक पटकावले. पण ‘कोर्ट’च्या लेखनाला आधार रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचा होता, ‘द डिसायपल’च्या पाठीशी मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन होते, ‘साबर बोंडं’ ब्रिटन आणि कॅनडाच्या सहनिर्मितीतून झाला. माती इथली, राहुटी परक्या गावातली. गोव्यात २००७ पासून भरणारा फिल्म बाजार आणि राज्य सरकारचा कानच्या बाजारात मराठी चित्रपट पाठवण्याचा उपक्रम यांनी थोडी भर घातली. पण बाजार काही दिवसांचा असतो आणि तयारी वर्षभराची.

मालिकांची अडचण वेगळी आहे. मराठी मालिकेचा निर्माता बहुधा वाहिनीसाठी भागांच्या दराने काम करतो आणि हक्क वाहिनीकडे जातात. परदेशात विकायला त्याच्या हातात काही उरत नाही. निर्माते एकत्र बसून नमुना करार ठरवतील तेव्हाच यात बदल संभवतो. एकट्याने मागितलेला हक्क वाहिनी सहज नाकारू शकते.

या सगळ्यावर उपाय म्हणून आणखी एक चित्रनगरी बांधण्याची घोषणा झाली, तर ती चुकीची ठरेल. कोल्हापूरची चित्रनगरी कित्येक वर्षे ओस पडली होती, कारण जागा होती आणि भोवती धंदा नव्हता. लघुउद्योगांच्या क्लस्टर योजनांत सामायिक सुविधा केंद्राची तरतूद असते. तिचा लाभ चित्रपट निर्मात्यांना पुण्यात मिळावा. करार, सबटायटल, ध्वनी-रंगाची अंतिम तपासणी आणि विक्रीची माहिती तिथे एका छताखाली असावी, फिल्म इन्स्टिट्यूटचे पदवीधर तिथे कामाला लागावेत. शिरूर आणि दौंडचा वाटा चित्रीकरणाचा. भीमा आणि घोडनदीचे काठ, उसाची गुऱ्हाळे, दौंडचे रेल्वे जंक्शन, चौफुल्याची बारी, हे सारे पुण्यापासून काही तासांच्या आत आहे. ग्रामपंचायत, पोलीस आणि रेल्वेच्या परवानग्यांसाठी तालुक्यात एकच टेबल असले, तर परदेशी सहनिर्मात्याचे दिवस वाया जाणार नाहीत. चौफुल्याच्या कलावंतिणीची लावणी पडद्यावर गेली, तर तिचे नाव श्रेयनामावलीत आणि तिचा मोबदला करारात लिहिला जाणेही याच केंद्राने पाहावे.

अशा केंद्राचे वर्ष बाजारांच्या तारखांवर बेतावे लागेल. गोव्याचा बाजार नोव्हेंबरात, बर्लिनचा फेब्रुवारीत, कानचा मेमध्ये. पावसाळ्यात पटकथा आणि हक्कांचे कागद पक्के करायचे, दिवाळीपर्यंत नमुना-दृश्ये गोव्यासाठी तयार ठेवायची आणि तिथे भेटलेल्या खरेदीदाराशी बर्लिनला बोलणी पुढे न्यायची. चैत्रातल्या जत्रांची सुपारी मिळावी म्हणून फडमालक महिनाभर आधी नारायणगावला राहुटी ठोकतो, तसेच हे वेळापत्रक आहे.