फ्रीलान्सरचं पेमेंट अडकलं तर?
21 नोव्हेंबर 2025 ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. गिग कामगारांना कायद्यात जागा मिळाली, चांगलंच झालं. पण प्लॅटफॉर्म कंपन्या निधीत वाटा भरणार त्यांच्याकडे काम करणाऱ्यांसाठी. माझ्यासारखा वेब डेव्हलपर थेट क्लायंटकडून काम घेतो, त्याच्यासाठी कोण भरणार?

मी नोकरी सोडली ती सकाळी तबल्याचा रियाज करता यावा, आवडीचं काम निवडता यावं म्हणून. मागच्या वर्षी एका क्लायंटने चाळीस हजार रुपये चार महिने अडकवले. रियाज सुटला, मिळेल ते काम घेतलं.

अशा वेळी 2006 चा एमएसएमई कायदा जास्त उपयोगी. 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी मोफत होते. मग इथल्या क्लायंटला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. परदेशी क्लायंट असेल तर मात्र आधी अ‍ॅडव्हान्स घ्या.

मी नोंदणी केली ती पैसे अडकल्यावर. तुम्ही काम घेण्याआधीच करून ठेवा.