क्रेडिट आणि श्रद्धा

‘माल क्रेडिटवर दिला’, ‘खात्यात क्रेडिट झाले’, ‘यशाचे क्रेडिट सुनेला’, असा हा शब्द पेढीवर आणि घरात दिवसातून अनेकदा कानी पडतो. अर्थ विचारला तर दुकानदार ‘उधारी’ म्हणेल, मुनीम ‘जमा’ म्हणेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर; परंतु शब्दाच्या मुळाशी ना उधारी आहे, ना जमा.

लॅटिन भाषेत ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे, आणि ‘क्रेदित’ म्हणजे ‘तो विश्वास ठेवतो’. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेले धन ते ‘क्रेदितुम’. इटालियन आणि फ्रेंच भाषांच्या वाटेने हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. त्याचा जोडीदार ‘डेबिट’ मात्र देणे लागण्याच्या धातूपासून निघाला.

याहून मोठे नवल पुढे आहे. लॅटिनमधील ‘क’ अनेक शब्दांत संस्कृतात ‘श’ होऊन भेटतो : तिकडे ‘केंटुम’, इकडे ‘शत’, तिकडे ‘डेकेम’, इकडे ‘दश’. त्याच न्यायाने ‘क्रेदो’ आणि ‘श्रद्धा’ ही एकाच प्राचीन कुळातील भावंडे ठरतात. भाषाशास्त्रात हे नाते सर्वमान्य आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात सम्यग्दर्शनाची व्याख्या ‘श्रद्धान’ या शब्दाने केली आहे; त्याच कुळातला शब्द व्यापाऱ्याच्या खतावणीत उधारीच्या कामी राबतो आहे. अर्थात तत्त्वावरील श्रद्धा आणि ग्राहकावरील भरवसा एक नव्हेत. शब्दांचे कूळ एक असले म्हणून अर्थ एक होत नाही.

आता कर्ज देणारी बँक अर्जदाराचा ‘क्रेडिट स्कोअर’ पाहते. ३०० ते ९०० यांमधला तो आकडा. हप्ता किती दिवस थकला, हे त्यात बिनचूक उमटते. मुलीच्या आजारपणात थकला की चैनीपायी, हे उमटत नाही. आकडा निःपक्षपाती असतो, ओळखीपाळखीला भुलत नाही, हा त्याचा गुण मान्य करावाच लागेल. परंतु त्याला ‘क्रेडिट’ म्हणताना शब्दातला ‘तो विश्वास ठेवतो’ यातला ‘तो’ हरवला आहे.

जुन्या व्यवहारात हा ‘तो’ हुंडीच्या नावातच असे. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याला, म्हणजे ‘शाह’ मानल्या गेलेल्या माणसालाच, चुकते करावयाचे असत. शाह कोणाला म्हणावे, हे हुंडीवर लिहिलेले नसे. ते बाजाराला ठाऊक असे.