बाबा, ग्लो हवाय का?

ती हिरवी, पारदर्शक कॅप्सूल मी फक्त चेहऱ्यासाठी ओळखते. टाचणीने फोडायची, तेल गालाला चोळायचं. त्यामुळे बाबांच्या गोळ्यांच्या डब्यात व्हिटॅमिन ई ४०० दिसलं तेव्हा मी खो खो हसले. 'ग्लो हवाय का?' 'हार्टसाठी आहे गं. शेजारचे काका रोज घेतात.'

हसू पटकन विरलं. बाबांची अँजिओप्लास्टी झालीये. त्याच डब्यात अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आहेत, आणि आई म्हणाली, हल्ली दाढी करताना कापलं की रक्त लवकर थांबतच नाही.

फंडा असा आहे. कापलं की प्लेटलेट्स धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. हीच चिकटाचिकटी हार्टच्या नळीत झाली तर अॅटॅक. बाबांच्या दोन्ही गोळ्या ती रोखतात. मोठ्या डोसमधलं व्हिटॅमिन ईसुद्धा थोडंफार तेच करतं. म्हणजे काकांचं लॉजिक अगदीच हवेतलं नव्हतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांत ई घेणाऱ्यांना हार्टचा त्रास कमी दिसला होता. पण अशी माणसं बहुतेकदा व्यायामही करतात, सिगरेटही ओढत नाहीत. मग क्रेडिट कुणाचं?

खरी परीक्षा नंतर झाली. २००० मध्ये 'होप' ट्रायलचे निकाल आले. साडेनऊ हजारांवर हाय-रिस्क पेशंट, काहींना रोज ४०० युनिट ई, काहींना नुसती डमी गोळी. साडेचार वर्षांनी फरक? काही नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवरचा अभ्यास आला. हार्टला फायदा शून्य, उलट मेंदूत रक्तस्राव होऊन येणारे स्ट्रोक ई घेणाऱ्यांत जास्त. आकडा छोटा होता, ३९ विरुद्ध २३, पण आपले बाबा त्या ३९ मध्ये नकोत, इतकंच मला कळतं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कॅप्सूल आजच बंद, बाकीच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. (हे महत्त्वाचं. घाबरून अॅस्पिरिन बंद करणारे महाभागही असतात.) ई हवंच असेल तर मूठभर बदामातून साधारण ७ मिलिग्रॅम मिळतं, दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ निम्मं.

उरलेली पट्टी बाबांनी मला दिली. ग्लोसाठी. काकांना कोण सांगणार, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.